पीक जमिनीत आहे

नोटीस खिळ्यानं ठोकलेली नव्हती. वाफ्याच्या फाटकाच्या गजाला ती सुतळीनं व्यवस्थित बांधली होती आणि दवानं भिजू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवीसुद्धा चढवली होती. माणसाला हाकलून देतानाही एवढी काळजी घेणारा गृहस्थ त्या साऱ्या बागेत एकच होता, आणि तो कडक मावशींचा सख्खा धाकटा दीर होता.

‘वाफा क्रमांक १७ पाहणीच्या दिवशी पडीक आढळला. पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा वाफा प्रतीक्षायादीतील पुढील अर्जदारास देण्यात येईल.’ खाली सही, सहीखाली तारीख आणि तारखेखाली पट्टी धरून मारलेली रेघ. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पडीक हा शब्द त्यांना फार झोंबला. एखाद्यानं त्यांना भांडखोर म्हटलं असतं, हट्टी म्हटलं असतं, तर त्यांनी मान हलवून कबूल केलं असतं. पण अकरा वर्षांत ज्या मातीला त्यांनी एक दिवस मोकळं बसू दिलं नाही, तिला कुणी पडीक म्हणावं, आणि तेही घरच्याच माणसानं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं.

कडक हे नाव त्यांना मिळालं ते एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात. तीस वर्षं त्या तिथं इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि चुणी राहिलेला एक कपडा त्यांनी कधी पुढं सरकू दिला नाही. एकदा साथीच्या दिवसांत स्वतः अधीक्षक आले आणि म्हणाले, चुण्या राहू द्या, पेशंट त्यावर झोपणारच आहेत. मावशींनी इस्त्री त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, तुम्ही करा, म्हणजे तुमच्या नावावर जाईल. अधीक्षकांनी इस्त्री परत दिली. तेव्हापासून इस्त्रीचं विशेषण बाईला चिकटलं ते कायमचं.

आता बागेविषयी. वसाहतीच्या मागं, जुन्या वीटभट्टीच्या जागेवर, चाळीस वाफे आखलेले होते आणि त्यांची एक रीतसर सोसायटी होती. वाफा मिळायला नऊ वर्षं लागत. माणूस हौसेनं नाव नोंदवतो आणि गुडघे गेल्यावर नंबर लागतो, असा त्यावर विनोद होता, आणि तो विनोद करणाऱ्यांचे गुडघे खरोखरच गेलेले होते. मावशींचा नंबर लागला तेव्हा त्यांचे यजमान होते. दोघांनी मिळून एक अख्खा हिवाळा त्या वाफ्यातून विटांचे तुकडे वेचले. यजमान गेले, वाफा राहिला.

उन्हाळ्यात बटाटे तर सगळेच काढत. मावशी दुसऱ्यांदा लावत. उन्हाळा संपता संपता बेणं मातीत टाकायचं, थंडीशी झगडत वाढवायचं आणि हिवाळ्याच्या सुट्टीत, सगळं जग पोत्यातले सुरकुतलेले बटाटे सोलत असताना, आपल्या घरी नवे बटाटे उकडायचे. साल अशी की अंगठा फिरवला की निघावी. वर मीठ आणि लोणी, दुसरं काही नाही. सुट्टीच्या पहिल्या दिवशी धाकटे दीर आणि जाऊबाई जेवायला येत, आणि दीर नऊ बटाटे खात. मोजून नऊ, कारण ते सगळंच मोजून करत. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती. दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणत आणि निवृत्त होऊन सोसायटीचे सचिव झाल्यावर बागेतले लोकही तेच म्हणू लागले.

यंदा सुरुवातच वाकडी झाली. शीतगृहातलं बेणं विकणारा दुकानदार दुकानाला कुलूप लावून लेकीकडं राहायला गेला. तेव्हा मावशींनी आपल्याच पहिल्या पिकातले चोवीस बटाटे बाजूला काढले. बागेतल्या प्रत्येकानं त्यांना सांगितलं की नुकता काढलेला बटाटा झोपेत असतो, दोन-अडीच महिने त्याला जाग येत नाही, लावलात तर मातीत नुसता पडून राहील. हे मावशींना काय माहीत नव्हतं? पण सगळे एकच गोष्ट सांगायला लागले की त्यांच्या अंगात यायचं. माझा मुलगा पहाटेची बस चालवतो, त्याला मी वीस वर्षं उठवतेय, बटाटा काय चीज आहे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते चोवीस बटाटे पिकलेल्या सफरचंदांबरोबर पोत्यात बांधले आणि पोतं न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या टाकीवर ठेवलं. वीस दिवस घरातला प्रत्येक माणूस मुरंब्याच्या वासात आंघोळ करत होता. एकविसाव्या दिवशी डोळे फुटले. चोवीसच्या चोवीस.

म्हणजे लागवड तीन आठवडे मागं पडली. तरी कोंब वर आले, पाला धरला, मावशींनी दोनदा मातीची भर लावली आणि सगळ्यांना हात धरून नेऊन दाखवलं. मग आला तो ओला आठवडा. शेजारच्या वाफ्यात पाववाल्याचे टोमॅटो एका रात्रीत काळे पडले आणि दुसऱ्या दिवशी मावशींच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले, पान उलटलं की खाली पांढरी लव. करपा. अशा वेळी दोनच वाटा असतात. पाला राहू दिला तर रोग पावसाबरोबर खाली उतरतो आणि मातीतला बटाटा सडतो. पाला कापला तर बटाट्याची वाढ तिथंच थांबते, पण जे असेल ते वाचतं. मावशींनी त्याच दुपारी विळा घेतला, चोवीसही झाडं जमिनीलगत कापली, पाला पोत्यांत भरून बागेबाहेर नेऊन जाळला आणि वरंबे हातानं थापून बंद केले. संध्याकाळी सतरा नंबरचा वाफा झाडून ठेवलेल्या अंगणासारखा स्वच्छ दिसत होता. तिसऱ्या दिवशी पाहणी झाली.

नोटीस घेऊन त्या घरी आल्या तेव्हा मुलगा नुकताच ड्युटीवरून येऊन जेवत होता. त्यानं वाचलं आणि घास गिळून म्हणाला की यात एवढं काय, एक बटाटा उकरून काकांच्या हातावर ठेव, विषय संपला. सून दातांच्या दवाखान्यात वेळा देण्याचं काम करते, त्यामुळं समोरच्याला न दुखवता बोलायची तिला सवय. तिनं हेच जरा गोड करून सांगितलं. मावशी नाही म्हणाल्या. वरंबा एकदा उघडला की पाणी आत शिरतं, साल अजून पक्की झालेली नाही, एका झाडाला हात लावला की शेजारचं हलतं, अशी तीन कारणं त्यांनी दिली. तिन्ही खरी होती आणि खरं कारण त्यांतलं एकही नव्हतं.

खरं कारण असं की खाली काही आहे का, हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांनी बोटं मोजून पाहिली होती. कोंब वर आल्यापासून पाला कापेपर्यंत सात आठवडे. बटाटा अंगानं भरायला दहा तरी लागतात. उकरावं आणि खाली काहीच नसावं, तर वाफा आजच गेला. पाला कापल्यावर बटाटा वाढत नाही हे त्यांना पाठ होतं, दुसऱ्या कुणी वेगळं म्हटलं असतं तर त्यांनी त्याची शिकवणी घेतली असती. तरीही मनातून त्या मातीला आणखी वेळ देत होत्या, आणि या खुळेपणाची त्यांना लाजही वाटत होती. लाज वाटली की त्या आणखी ताठ होत.

खुलासा त्यांनी नोटिशीच्याच पाठीवर लिहिला. ‘पीक जमिनीत आहे. सुट्टीच्या पहिल्या दिवशी काढीन. तोवर कुणी हात लावू नये.’ आणि ती त्याच सुतळीनं, त्याच गजाला, त्याच पिशवीत घालून बांधून ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काटेसाहेब घरी आले, काखेत नोंदवही घेऊन. स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीवर बसले, चहाला नको म्हणाले आणि मग घेतला. मुलगा आणि सून तिथंच होते.

“वहिनी, मी तुमच्याच बाजूनं आहे,” ते म्हणाले.

“बाजू राहू द्या भाऊजी, समोर आहात तेवढं पुरे.”

मग त्यांनी आपली अडचण सांगितली, आणि ती खोटी नव्हती. मागच्याच महिन्यात एका पत्रेवाल्याचा वाफा त्यांनी काढून घेतला होता. तो आजारी होता, त्यानं हात जोडले होते, पण नियम म्हणजे नियम. आता आपल्या वहिनीच्या वाफ्यावर हिरवं पान दिसत नसताना डोळेझाक केली तर त्या पत्रेवाल्याला तोंड कसं दाखवायचं? ते फक्त एक बटाटा मागत होते. आत्ता जाऊ, चष्मा लावून बघतो, ‘पीक उभे’ असं लिहितो, तुम्ही पुन्हा माती लोटा.

मावशींनी विचारलं, “अकरा वर्षं मी जे सांगितलं ते तुम्ही वहीत लिहिलंत. यंदा माझ्या सांगण्याला काय झालं?”

“सांगण्याचं वजन करता येत नाही, वहिनी.”

हे ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. पस्तीस वर्षं काट्यापुढं उभं राहिलेल्या माणसाला जसं सुचेल तसं बोलले. पण मावशींच्या कपाळाची शीर उडायला लागली. यजमानांच्या आजारपणात याच दिरानं रोज सकाळी येऊन भावाची दाढी केली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणूनच राग दुप्पट आला.

“मग लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “सुट्टीच्या पहिल्या दिवशी सोसायटीची सभा असते ना, तेव्हा सगळ्यांच्या समोर काढते. एकूण एक झाड. खाली बटाटा निघाला नाही, तर वाफ्याची किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन. तुम्हाला मागायची वेळ येणार नाही.”

मुलगा म्हणाला, आई, अगं. काटेसाहेबांनी क्षणभर वहिनींकडं पाहिलं, मग वही उघडली आणि लिहिलं, कारण समोर कुणी बोललेलं न लिहिणं त्यांना जमतच नसे. मावशींनी खाली सही केली. मग तोच कप त्या चौथ्यांदा विसळायला लागल्या. सुनेनं त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि विचारलं की आई, हे काय करून बसलात. मावशी म्हणाल्या की बोललं ते बोललं, आता त्याचा काथ्याकूट नको. आपण घाबरलो आहोत हे सुनेला दिसलं, याचा त्यांना त्या सहीपेक्षा जास्त त्रास झाला.

मग थंडी वाढली. पहाटे दवाचं बर्फ व्हायला लागलं. मावशींनी घरातले जुने पडदे, फाटकी घोंगडी, यजमानांचा रेनकोट, जे मिळेल ते वरंब्यांवर पसरलं आणि कडांना विटा ठेवल्या. रोज सकाळी काढायचं, रोज दुपार कलली की पांघरायचं. जाणारे-येणारे विचारत की मावशी, खाली काय निजवलंय? मावशी म्हणत, तुमच्या सचिवांचं समाधान.

एका दुपारी फाटक उघडं दिसलं आणि आत एक जोडपं टेप धरून उभं होतं. नवरा काचा बसवायचं काम करणारा, बायको शाळेची व्हॅन चालवणारी. यादीत पुढचा नंबर त्यांचा होता. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की सतरा नंबर मोकळा होतोय. नवरा मोजत होता आणि बायको म्हणत होती की बाक इथं बसेल, ऊन येतं. मावशींनी दुरूनच सांगितलं, वरंब्यावरून पाय काढा, खाली पोरं झोपलीत. बाईनं पाय असा झटकन उचलला की तोल जाऊन ती नवऱ्यावर रेलली. मग ती फार ओशाळली. आम्ही नुसतं बघायला आलो होतो, म्हणाली. लग्न झालं त्या वर्षी नाव घातलं होतं; आता मुलगी तिसरीत आहे, वांगं झाडाला लागतं की जमिनीत, हे तिला सांगूनही पटत नाही. मावशी काहीतरी लागेल असं बोलणार होत्या, ते त्यांनी गिळलं आणि कडेची सरकलेली वीट सारखी केली. शत्रू जरा नालायक असता तर किती सोयीचं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ते दोघं गेल्यावर त्या वाफ्याच्या कडेला बसल्या.

तेव्हाच एकदा मोह झाला. आसपास कुणी नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट वरंब्यात खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला काहीतरी गार, गोल लागलं. बटाटा असेल, किंवा वीटभट्टीचा एखादा तुकडा असेल. त्या जमिनीत अजूनही निघत. आणखी अर्धा इंच गेलं असतं तर कळलं असतं. मावशींनी बोट बाहेर काढलं, भोक बुजवलं आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. सगळ्यांसमोर काढीन म्हटलं होतं, तर आधी आपण चोरून बघणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

सभेच्या आदल्या सकाळी सगळ्यात कडाक्याची थंडी पडली. मावशी बागेत पोचल्या तेव्हा सून तिथं आधीच आली होती. न्हाणीघरातले सगळे टॉवेल तिनं पडद्यांवर आणखी घातले होते आणि ती हातांवर फुंकर मारत उभी होती. कामावर जायच्या कपड्यांत होती, बुटांना चिखल लागला होता. टॉवेल कुठले आणलेस, असं मावशींनी विचारलं. चांगले, असं सून म्हणाली. मावशींनी दुसऱ्या टोकाच्या विटा सारख्या करायला घेतल्या.

सुट्टीचा पहिला दिवस. पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली, मागच्या सभेचा वृत्तांत वाचला गेला, पाण्याच्या नळाची तक्रार दरवर्षीप्रमाणे पुढच्या वर्षावर गेली. मग काटेसाहेबांनी घसा साफ करून सतरा नंबरचा विषय घेतला आणि तीसेक माणसं उठून वाफ्याकडं निघाली. पाववाला होता, जाऊबाई होत्या, ते काचवाले नवरा-बायको मागं मागं चालत होते. मावशींनी पोतं दुमडून त्यावर गुडघे टेकले. फावडं घेतलं नाही, फावड्यानं बटाटा कापला जातो. हातानं माती ओढायला सुरुवात केली.

पहिल्या झाडाखाली आधी आला तो लावलेला मूळचा बटाटा, रिकामी साल आणि आत पाणी. त्याच्याभोवती पांढरे दोरे, आणि दोऱ्यांना तीन गोट्या. खेळायच्या गोट्यांएवढ्या, त्याहून मोठी एकही नाही. मावशींनी त्या पत्र्याच्या ताटात ठेवल्या. दुसऱ्याखाली दोन. तिसऱ्याखाली चार, त्यांतली एक वाटाण्याएवढी. मागची माणसं टाचा उंचावून ताटात बघत होती. आठव्या झाडापाशी मुलगा पुढं आला आणि म्हणाला की आई, पुरे, दिसलं सगळ्यांना. एकूण एक म्हटलंय, असं सांगून मावशींनी नववं झाड घेतलं. चोविसावं संपलं तेव्हा ताटात एकसष्ट गोट्या होत्या. सगळ्या निरोगी, एकालाही डाग नाही. करपा खाली उतरला नव्हता. तेवढी लढाई त्या दुपारच्या विळ्यानं जिंकली होती, आणि त्याचा मावशींना त्या घटकेलाही अभिमान वाटला.

काटेसाहेबांनी चष्मा लावला. वाकले, एक गोटी उचलून चिमटीत फिरवली, पुन्हा ताटात ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पीक आहे. नियमात आकार दिलेला नाही.”

माणसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाववाल्यानं तर टाळीच वाजवली. काचवाल्याची बायको आपल्या चपलांकडं बघत होती. काटेसाहेबांनी वही मांडीवर धरली आणि लिहायला घेतलं तोच मावशींचा मातीनं भरलेला हात पानावर येऊन पडला.

“काय लिहिताय?”

“बटाटा, एकसष्ट नग.”

“हे बटाटे नाहीत, भाऊजी.”

काटेसाहेब अगदी मावशींच्या कानाशी वाकले. त्यांचा आवाज फक्त मावशींना आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेला ऐकू गेला. “वहिनी, मी उभ्या आयुष्यात काट्याला कधी बोट लावलं नाही. आज लावतोय. लिहू द्या.”

“नका लावू. तीस वर्षं मी चुणी राहिलेली चादर इस्त्रीची म्हणून पाठवली नाही. आता म्हातारपणी गोट्यांना बटाटे म्हणायला शिकू?”

हे शहाणपणाचं होतं का? मुळीच नाही. मुलानं कपाळावर हात मारून घेतला. जाऊबाई म्हणाल्या की अहो, सगळे एवढं म्हणताहेत तर घ्या ना. पाववाल्यानं सांगितलं की माझे टोमॅटो तर एकूण एक गेले, तुमचं निदान काहीतरी आहे. माणसं मनापासून बोलत होती, आणि त्यांच्या त्या मायेनंच मावशी जास्त पेटल्या. नोटिशीला त्या तोंड देऊ शकत होत्या. सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलेली बाई म्हणून पुढची वर्षं त्या वाफ्यावर बसणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढली आणि वहीच्या पानावर ठेवली. उठताना सुनेचा खांदा धरला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मातीच्या हातानंच पुसलं, त्यामुळं चेहरा जास्तच बघण्यासारखा झाला.

काचवाल्याची बायको मागं सरकत होती. मावशींनी तिला जवळ बोलावून सांगितलं की तीन वर्षं इथं बटाटा नाही लावायचा, टोमॅटोही नाही, करप्याची जमीन आहे. त्या कोपऱ्यात अजून विटा निघतील. मुलीला वांगं लावायला दे, लगेच कळेल कुठं लागतं ते. बाईनं मान हलवली.

सून खाली बसून ताटातल्या गोट्या टॉवेलमध्ये गोळा करत होती. मावशी म्हणाल्या की टाक त्या, कशाला गोळा करतेस. सुनेनं वरसुद्धा पाहिलं नाही. “तुम्ही म्हणू नका बटाटे,” ती म्हणाली. “मी म्हणते. सालासकट उकडणार आहे, आणि तुम्ही खाणार आहात.” मावशींना इतक्या वर्षांत या सुनेचं तोंड एवढं वाजलेलं आठवेना.

माणसं हळूहळू पांगायला लागली. काटेसाहेब मात्र किल्ली तळहातावर घेऊन तिथंच उभे होते. ती किती ग्रॅम भरते ते त्यांना बहुधा न मोजताही सांगता आलं असतं. वहिनी, असं म्हणून त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली.

“कोरा अर्ज असेल ना तुमच्याकडं?” मावशींनी विचारलं.

होता. त्यांच्याकडं नेहमी असे, वहीच्या पुठ्ठ्यात घडी घालून. त्यांनी तो काढला, पण उघडला नाही. “यादीत चाळीस माणसं आहेत, वहिनी. नऊ वर्षं.”

“मला बेरीज येते. लिहा. एकेचाळीस.”

काटेसाहेबांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. वय विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं, कारण अर्जदाराला विचारूनच रकाना भरायचा असतो. चौसष्ट, मावशी म्हणाल्या. चौसष्टमध्ये नऊ मिळवायचं धाडस तिथं उभ्या असलेल्या कुणीही केलं नाही. मग शेवटचा रकाना आला. तो काटेसाहेबांनी दोनदा वाचला. वाफा कशासाठी हवा आहे?

“हिवाळ्याच्या सुट्टीत नवे बटाटे,” मावशींनी सांगितलं. “नीट लिहा, अंगानं भरलेले.”

त्यांनी तसंच लिहिलं आणि सहीसाठी पेन वहिनींच्या हातात दिलं.